पन्नास गुणांना पाच टोले

डोंबिवलीला समुद्र नाही. आमच्या लहानपणी समुद्र म्हणजे लोकलच्या खिडकीतून मुंब्र्याजवळ दिसणारी खाडी, तिच्यातल्या रेती काढणाऱ्या होड्या आणि ओहोटीचा काळा चिखल. खराखुरा लाटांचा समुद्र बघायचा तर थेट मुंबई गाठावी लागे, नि ते वर्षातून एकदा, तेही गावाहून पाहुणे आले तरच! असं असूनही १९९१ सालची जवळजवळ सगळी मे महिन्याची सुट्टी मी समुद्रकिनाऱ्यावर काढली. फक्त तो किनारा साडेतीन फूट लांब आणि पावणेदोन फूट रुंद होता, त्याच्यावर काच होती, आणि तो ठाण्याला स्टेशनजवळच्या एका गल्लीत, व्हिडिओ गेमच्या दुकानाच्या कोपऱ्यात उभा होता.

थांबा, पहिल्यापासून सांगतो.

माझं आजोळ ठाण्याचं, नौपाड्यातलं. सातवीची परीक्षा संपली नि दुसऱ्याच दिवशी मी पिशवी भरून मामाकडे हजर झालो. बरोबर माझा लाडका बगाटेल घेऊन! तुमच्यापैकी कितीजणांनी तो पाहिलाय कोण जाणे. एक लाकडी पाट, त्याच्यावर ठोकलेले बारीक खिळे, खिळ्यांची गोल गोल तळी आणि प्रत्येक तळ्याजवळ आकडा : ५०, १००, ५००. उजव्या बाजूला स्प्रिंगचा दांडा. तो मागे ओढून सोडायचा, की गोळी सुसाट वर जाते आणि खिळ्यांवर आपटत आपटत खाली येते. खाली आली की संपलं, आपल्या हातात काही नाही. आमच्या चाळीत पावसाळ्यात ह्या पाटावर एवढी भांडणं व्हायची, की शेवटी आईनं तो माळ्यावर टाकला होता. सुट्टीसाठी म्हणून मी तो खाली काढला होता.

पण ठाण्याला पोचल्यावर बगाटेल पिशवीतच राहिला. कारण त्या गल्लीतलं दुकान! आत चार-पाच व्हिडिओ गेम. रुपयाला एक डाव. माझ्याकडे रुपये थोडे असल्यामुळे मी बहुतेक वेळ दुसऱ्यांचे डाव बघत उभा राहायचो, आणि बघताना टेकायचो ते कोपऱ्यातल्या एका मोठ्या लाकडी पेटीला. तिच्यावर दुकानाचे मालक, आम्ही त्यांना शेठ म्हणायचो, आपला जेवणाचा डबा आणि वर्तमानपत्रांची रद्दी ठेवत. एकदा रद्दी जरा सरकली, नि खाली काच दिसली. काचेखाली पिवळी वाळू, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या छत्र्या, एक दीपगृह, शिडाची होडी आणि निळ्या रंगाच्या लाटा. वाळूत मधेमधे अळंबीसारखे गोल टोप्यांचे खांब. आणि उजव्या बाजूला... स्प्रिंगचा दांडा!

म्हणजे हा तर माझा बगाटेलच होता, पण आभाळाएवढा!

"शेठ, हे काय आहे?"

"पिनबॉल. अमेरिकेचं मशीन. कुठल्याशा क्लबाच्या लिलावात घेतलं. बंद आहे. काचेला हात लावू नको."

मागच्या उभ्या काचेवर मशीनचं नाव होतं, पण तिथला रंग इतका पोपडून गेला होता, की दोन-तीन अक्षरंच उरली होती. पुढे मोठेपणी मी त्याची खूप शोधाशोध केली. गॉटलिब नावाच्या शिकागोच्या कंपनीनं १९७६ साली 'सर्फ चॅम्प' नावाचं लाटांवर स्वार होणाऱ्यांचं मशीन काढलं होतं. त्याचं चित्र बघून मी क्षणभर टुणकन उडालो, पण नाही, आमचं ते नव्हे. आमच्यावर कुणी लाटांवर स्वार झालेलं नव्हतं. सगळे छत्रीखाली बसलेले होते, अगदी आपल्यासारखे!

आता मामाबद्दल सांगायला हवं. मामा टेलिफोनमध्ये होता. एक्स्चेंजमध्ये मोठ्या हॉलभर लोखंडी कपाटांसारख्या रांगा, नि त्यांत हजारो छोटी यंत्रं दिवसरात्र टकटक, खडखड, टकटक करत असायची. ती सांभाळणं हे त्याचं काम. मी लहानपणी एकदा आत गेलो होतो. गारांचा पाऊस पत्र्यावर पडावा, तसा आवाज! मामाला म्हणे नुसत्या आवाजावरून कळायचं, कुठल्या रांगेत काहीतरी बिघडलंय. पण त्या काळात सगळीकडे जुनी एक्स्चेंज जाऊन नवी, इलेक्ट्रॉनिक येत होती. मामाच्या हॉलमधल्या रांगाही एकेक करून बंद झाल्या होत्या. नवं एक्स्चेंज एका गार खोलीत मावलं, आणि त्याला आवाजच नव्हता. मामानं नव्या यंत्रांचं ट्रेनिंग घेतलं, परीक्षाही पास झाला. पण त्या सुट्टीत तो मला काही वेगळाच वाटला. एरवी मला तलावपाळीवर नेणारा, भेळ खाऊ घालणारा मामा रविवारी गॅलरीत नुसता बसून राहायचा. मामी आजीला हळूच म्हणाली, "ह्यांच्या हाताला काम नाही उरलं हो." मला ते काही कळलं नाही. कामावर तर रोज जात होता की!

एका रविवारी मी दुपारपर्यंत घरी आलो नाही, म्हणून मामा मला शोधत दुकानात आला. माझा कान धरायला हात पुढे केला आणि तसाच थांबला. कारण शेठनी त्याच दिवशी भंगारवाल्याला दाखवायला म्हणून पेटीची वरची फळी उचलून टेकवून ठेवली होती. फळीच्या पोटात शेकडो रंगीत वायरी, तांब्याच्या गुंडाळ्या, पितळी पात्यांच्या चवडी, दातेरी चक्रं...

मामा वाकला. चष्मा कपाळावर सरकवला. बोटानं एक चक्र एक दाता पुढे सरकवलं. टक्. मग म्हणाला, "अरे, हे तर आमचं एक्स्चेंज आहे!"

हे म्हणजे काय, ते मला त्याच्याकडून जसं कळलं तसंच सांगतो. जुन्या फोनला गोल तबकडी असायची, ती तुम्ही सिनेमात तरी पाहिली असेल. ५ आकड्याशी बोट घालून तबकडी फिरवली आणि सोडली, की ती परत येताना तारेतला विजेचा प्रवाह पाच वेळा तोडायची. एक्स्चेंजमधलं यंत्र प्रत्येक वेळी एक पायरी चढायचं. पाच वेळा तुटला, पाच पायऱ्या. शून्य फिरवलं तर दहा पायऱ्या! हे ज्यानं शोधून काढलं, तो अल्मन स्ट्रॉजर नावाचा अमेरिकन गृहस्थ प्रेतं पुरण्याची व्यवस्था करण्याचा धंदा करायचा. त्याला संशय होता, की गावातली टेलिफोन ऑपरेटर बाई त्याची गिऱ्हाइकं त्याच्या प्रतिस्पर्ध्याला जोडून देते. मग त्यानं बाईशिवाय चालणारं एक्स्चेंजच बनवलं! १८९१ मध्ये त्याला पेटंट मिळालं. रागातून माणूस काय काय करतो पहा.

आणि पिनबॉलमध्येही तेच. गोळा एखाद्या खांबावर आपटला, की पितळेची दोन पाती क्षणभर चिकटतात. प्रवाह वाहतो, तांब्याच्या गुंडाळीचं, म्हणजे कॉइलचं, लोहचुंबक होतं, ते एक लोखंडी दांडा खेचतं आणि गोळा फाडकन लांब उडतो. त्याच वेळी गुणांचं चक्र एक आकडा पुढे सरकतं आणि घंटी वाजते. पण ५० गुण मिळाले तर? तर आत एक छोटी मोटर आहे, ती गर्रकन फिरून पाच वेळा प्रवाह जोडते-तोडते. दहा, दहा, दहा, दहा, दहा. घंटीचे पाच टोले. ह्या सगळ्या यंत्राला गुणाकार येत नाही. ते लहान मुलासारखं बोटं मोजतं!

"शेठ, हे मला द्या दुरुस्त करायला. पैसे नकोत," मामा म्हणाला.

शेठनी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "पैसे नकोत? मग काय पाहिजे?"

"सुरू झालं तर ह्या पोराला फुकट खेळू द्या."

तेव्हापासून दर रविवारी, आणि आठवड्यातून एकदोन संध्याकाळी, आमचा मुक्काम दुकानात. पेटीत ठेवलेला सर्किटचा नकाशा उंदरांनी खाल्ला होता. उरल्या होत्या फक्त कडा. मग मामानं बॅटरी आणि छोटा बल्ब घेऊन एकेक वायर कुठून कुठे जाते ते शोधलं आणि माझ्या जुन्या गणिताच्या वहीत मागच्या बाजूनं नवा नकाशा काढला. लाल-पांढरी वायर इथून तिथे, पिवळी-काळी तिथून पलीकडे. आतल्या एका पट्टीवर ११५ व्होल्ट असं लिहिलेलं होतं. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. शेठनी माळ्यावरून एक वजनदार ट्रान्सफॉर्मर काढून दिला, तेव्हा कुठे पुढची गोष्ट! आणि अमेरिकेची वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपली ५०. त्यामुळे ती छोटी मोटर इथे जरा सावकाश फिरणार, असं मामा म्हणाला. आमचा समुद्रकिनारा अमेरिकेतल्यापेक्षा थोडा आळशी होता तर!

बिघाड एक नव्हता, शंभर होते, पण सगळे एकाच जातीचे. चक्रांना लावलेलं ग्रीस वाळून डिंकासारखं झालेलं, नि पात्यांची टोकं काळी पडलेली. काळं टोक म्हणजे प्रवाह बंद. मामाकडे एक्स्चेंजची हत्यारं होती : पातं वाकवायचा खाचेचा दांडा, आणि नखाएवढी रुंद, कागदासारखी पातळ कानस. मला त्यानं कडक सूचना दिल्या. कानस दोनदाच फिरवायची. नंतर कोऱ्या पुठ्ठ्याची पट्टी मधून ओढायची. दोन पात्यांत पोस्टकार्डाएवढी फट राहिली पाहिजे. आणि पात्याला पक्कड लावायची नाही. काही झालं तरी नाही!

मी तीन रविवार हे इमानदारीनं केलं. चौथ्या रविवारी मामा आणि शेठ बाहेर चहा प्यायला गेले. मी मधल्या खांबाची पाती साफ करत होतो. मनात आलं, फट अजून कमी केली तर गोळा नुसता चाटून गेला तरी खांब उडवेल. किती मजा! खाचेचा दांडा मामाच्या खिशात होता. पक्कड समोर होती. मी पातं धरलं नि दाबलं.

मामा आला. म्हणाला, "आता एकदा वीज देऊन बघू." बटण दाबलं. दिवे लागले! मागची काच उजळली, छत्र्या लाल झाल्या, दीपगृहात दिवा लागला. दुकानातली पोरं खेळ सोडून धावली. आणि तेवढ्यात मधल्या खांबानं 'घर्रर्र' असा आवाज केला, फळीच्या फटीतून धूर आला, नि जळक्या वार्निशचा घाण वास सुटला. मामानं झडप घालून बटण बंद केलं.

पाती चिकटूनच राहिली होती. क्षणभर वाहायचा तो प्रवाह वाहतच राहिला आणि कॉइल जळली.

शेठ म्हणाले, "जाऊ द्या हो, भंगारवाला उद्या येतोच आहे."

मामा काळी पडलेली कॉइल हातात घेऊन बसला होता. माझा घसा कोरडा पडला होता. बोलायचं होतं. "जुनं मशीन आहे. व्हायचंच," असं तो म्हणाला, आणि मी गप्प राहिलो.

तशी कॉइल भारतात कुठे मिळणार? मामानं शेठकडून पंधरा दिवस मागून घेतले. घरी त्यानं जळकी कॉइल उलगडायला घेतली आणि वेढे मोजायचं काम मला दिलं. तांब्याची तार जळून ठिसूळ झालेली, मधेच तुटायची. पाचशेच्या पुढे माझा आकडा चुकला. पुन्हा मोजता येईना, कारण उलगडलेली तार पुन्हा गुंडाळायची कशी! मग मामानं उरलेले वेढे मोजले, उलगडलेल्या तारेची लांबी मापली आणि हिशेब केला : सातशेच्या आसपास. आता नवी तार. ती कल्याणला मिळेल, असं त्याला कुणीतरी सांगितलं. आम्ही दोघं भर उन्हात कल्याणला गेलो, शिवाजी चौकाच्या बाजूला पंप आणि मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका दुकानात. दुकानदारानं जुनी तार मापून बघितली, तसल्याच जाडीची, वार्निश लावलेली तार तोलून दिली. रात्री गॅलरीत मामा गुंडाळत होता, मी मोजत होतो. ह्या वेळी मी प्रत्येक पन्नासाला वहीत रेघ मारली. चौदावी रेघ झाली, तेव्हा मामी दोनदा झोपायला बोलावून गेली होती.

आणि त्या चौदाव्या रेघेवर मी म्हणालो, "मामा, पातं मी वाकवलं होतं. पकडीनं."

"माहीत आहे," मामा म्हणाला. हात थांबला नाही. "पितळेवर पकडीच्या दातांचे वळ होते. त्याच दिवशी दिसले."

"मग बोलला का नाहीस?"

"तू कधी बोलतोस ते बघत होतो. फार वेळ लावलास बाबा. तारेचं टोक धर इकडे."

झालं, एवढंच. मला वाटलं होतं, निदान एक धपाटा तरी बसेल. बसला असता तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

सुट्टीचा शेवटचा आठवडा. दुकानात कॉइल बसवली, सोल्डर केली, बटण दाबलं. ह्या वेळी धूर नाही. मी दांडा ओढून सोडला. पोलादी गोळा वर गेला, दीपगृहाला वळसा घालून छत्र्यांत आला आणि मधल्या खांबावर आदळला. टण्! मग कडेच्या एका पट्टीवर : टण् टण् टण् टण् टण्. पन्नास! मी ओरडून मामाकडे पाहिलं. तो गोळ्याकडे बघतच नव्हता. पेटीच्या लाकडाला कान लावून, डोळे मिटून उभा होता. आतून टकटक, खडखड आवाज येत होता.

"तिसरं चक्र जरा अडकतंय," तो म्हणाला.

मग मी मनसोक्त खेळलो. खाली दोन बाजूंना दोन पंखे असतात, त्यांना फ्लिपर म्हणतात. बाजूची बटणं दाबली, की ते गोळ्याला परत वर मारतात. बगाटेलमध्ये आपल्या हातात काही नसतं, इथे असतं. ह्या दोन पंख्यांचं महत्त्व काय, हे मला फार उशिरा कळलं. आपल्या बगाटेलला स्प्रिंगचा दांडा बसवून मॉन्टेग्यू रेडग्रेव्ह ह्यानं १८७१ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं. १९३१ मध्ये गॉटलिबनं 'बॅफल बॉल' नावाचं टेबलावरचं यंत्र काढलं, एका पेनीला डाव. त्यानंतर दोनच वर्षांत त्यात वीज आली. पण फ्लिपर पहिल्यांदा आले ते १९४७ च्या 'हम्प्टी डम्प्टी' ह्या मशीनवर! तोपर्यंत गोळा सोडला, की सगळा नशिबाचा खेळ. म्हणून पुष्कळांना तो जुगारच वाटे. न्यूयॉर्कच्या महापौरांनी, ला गार्डिया त्यांचं नाव, १९४२ मध्ये पिनबॉलवर बंदी घातली आणि स्वतः हातात घण घेऊन मशीनं फोडली. त्यांचे तसे फोटो आहेत. ती बंदी उठली १९७६ मध्ये. रॉजर शार्प नावाच्या तरुणानं महापालिकेच्या समितीसमोर मशीन मांडलं आणि सांगितलं, आता मी दांडा असा ओढतो, की गोळा मधल्याच वाटेनं जाईल. आणि तो गेला! नशीब नाही, हात आहे, हे त्यानं एका गोळ्यात दाखवलं. मामाला ही गोष्ट फार आवडली असती.

मीसुद्धा माझा हात दाखवायला गेलो. गोळा दोन पंख्यांच्या मधून पडायला लागला, तशी मी पेटीला दाणकन धक्का दिला. मागच्या काचेवर 'टिल्ट' असा दिवा लागला, पंखे लुळे पडले आणि गोळा शांतपणे खाली गेला. मामानं हसत हसत आतलं दाखवलं : गवंड्याच्या ओळंब्यासारखं एक छोटं वजन, एका कड्याच्या मधोमध लोंबणारं. पेटी हलली, की ते कड्याला लागतं, आणि डाव बंद. कुठल्याशा परदेशी कारागिरानं माझ्यासारख्यांसाठी आधीच करून ठेवलेली सोय!

जूनमध्ये शाळा सुरू झाली, मी डोंबिवलीला परतलो. मामाची पत्रं यायची, त्यात खाली एक ओळ मशीनची असायची. तिसरं चक्र आता ठीक. एक बल्ब बदलला. दिवाळीनंतर ती ओळ यायची बंद झाली. पुढच्या मे महिन्यात मी ठाण्याला गेलो, तर कोपऱ्यात नवा व्हिडिओ गेम उभा होता. पिनबॉल जागा फार अडवायचं आणि सतत काही ना काही दुरुस्ती निघायची, असं शेठ म्हणाले. भंगारवाल्यानं लाकूड वेगळं केलं असणार, आणि तांबं वजनावर घेतलं असणार. त्यात आम्ही कल्याणहून आणलेली तारही गेली, सातशे वेढे.

मामा त्यावर काही बोलला नाही. पण तोवर शेजारपाजारचे बंद पडलेले पंखे, मिक्सर, पिठाच्या गिरणीची मोटर असं सगळं त्याच्या गॅलरीत यायला लागलं होतं. मामीची कुरकुर चालू होती, की कपडे वाळत घालायला जागा नाही.

शेठनी एक गोळा मात्र माझ्यासाठी बाजूला ठेवला होता. २७ मिलिमीटर व्यासाचा, हातात घेतला की ऐंशीएक ग्रॅम वजन चांगलं जाणवतं. तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. खण जोरात उघडला, की तो मागून घरंगळत येतो आणि पुढच्या फळीवर आपटतो. ठक्!